दार वाजवू नकोस

रेआते. जून, महिन्याच्या मध्याआधी सहावा दिवस

वेत्तियाकडून नुमेरियसला.

'तू बरा असशील तर उत्तम, मी बरी आहे' अशी पत्राची सुरुवात करायची असते. माझे वडील नगरसभेत लेखनिक होते, त्यांनी मला पहिलं वाक्य हेच गिरवायला लावलं होतं. पण मी काही बरी नाहीये, आणि तू कसा आहेस ते पाक्कियसने सांगितलंय, तेव्हा ती रीत राहू दे बाजूला.

पाक्कियस म्हणजे मिठाच्या रस्त्यावरचा खेचरवाला. तू फौजेत गेलास तेव्हा तो इकडे फिरत नव्हता, म्हणून तो तुला ओळखत नाही. उद्या गाढवांना हार घालायचा सण, उद्या जनावरांवर ओझं लादायचं नाही, म्हणून तो काल आपल्याकडे मुक्कामाला थांबला. विहिरीवर खेचरांना पाणी पाजता पाजता मला म्हणाला, "समुद्राकाठच्या मिठागरावर एक वल्ली आलाय. डालमाशियाच्या डोंगरात कैदेत होता, तिथून पळून आला म्हणे. दिवसभर मीठ ओढतो, कुणाशी बोलत नाही. कमरेला पिशवी. आम्हाला वाटलं पैसे असतील. एकाने हात घालून बघितलं, तर निघाले काळे वाल. वाळून खडे झालेले. नाव विचारलं तर म्हणतो, मी मेलेला माणूस आहे, मला नाव नाही. वाल कसले विचारलं तर म्हणतो, माझ्या बापाने दिलेली खंडणी."

माझ्या हातातला पोहरा विहिरीत पडला. अजून तिथेच आहे.

"दिसायला कसा आहे?" मी विचारलं.

"दिसायला काय, मिठागरावर सगळे सारखेच दिसतात. डावा कान तेवढा फाटलाय."

तो कान आपल्या तांबड्या गाढविणीने फाडला होता, तू लहान असताना, तिच्या शिंगराच्या शेपटीला घंटा बांधायला गेलास म्हणून. सासूबाई हे इतक्या वेळा सांगायच्या की मी स्वतः बघितल्यासारखं मला ते आठवतं.

म्हणजे तू आला होतास. मे महिन्यातल्या त्या रात्री तूच उंबऱ्यावर उभा होतास.

कुठली रात्र निवडलीस रे यायला. वर्षातल्या तीनच रात्री अशा की मेलेले आपापल्या घरी परत येतात आणि घरोघरचे म्हातारे अनवाणी उठून, पाठीमागे काळे वाल फेकत, त्यांना वाटेला लावतात. तुला तरी काय कळणार म्हणा. डालमाशियाच्या डोंगरात कैद्याला तारीख कोण सांगतो. मामंजी अंधारात फिरत होते, वाल फेकत होते, नेहमीचे शब्द म्हणत होते: 'ह्या दाण्यांनी मी मला आणि माझ्यांना सोडवून घेतो.' मागे वळून बघायचं नसतं हे तुलाही ठाऊक आहे. आणि मागून, दाराकडून, आवाज आला, "बाबा."

मामंजींनी काशाची थाळी उचलली आणि इतक्या जोरात बडवली की शेजारच्या त्रेबियाचं कुत्रं भुंकायला लागलं. 'माझ्या घरच्या भुतांनो, निघा बाहेर.' पुन्हा पुन्हा तेच. मी आत अंथरुणात होते. आवाज तुझा आहे हे मला पहिल्याच हाकेला कळलं, आणि कळलं म्हणूनच मी डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. तुझ्या शतकप्रमुखाचं पत्र आलं होतं की तुमच्या तुकडीतला एकही माणूस उरला नाही. तुझं रिकामं थडगं बांधून झालं होतं. त्याच्यापाशी उभं राहून मामंजींनी तुला तीनदा नावाने हाक मारली होती आणि तू ओ दिली नव्हतीस. त्यानंतर अशा रात्री तुझा आवाज आला तर मी काय समजायचं, तूच सांग.

आता एक बायकांची गोष्ट सांगते, ती पोटात ठेव. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात सासूबाईंनी मला पहाटे हलवून उठवलं, हातात केरसुणी दिली आणि म्हणाल्या, "ते उठायच्या आत सगळे वाल झाडून घे. पुरुषांना वाटतं भुतं वेचून नेतात. वाटू दे." दरवर्षी मी ते झाडून कोंबड्यांना घालते. यंदा केरसुणी घेऊन गेले तर जमीन स्वच्छ. एक दाणा नाही. मी उंदरांना दोष दिला, त्रेबियाच्या कुत्र्याला दोष दिला. कुत्रं वाल खात नाही हे माहीत असूनही दिला.

भुतं वाल वेचत नाहीत, नुमेरियस. हे रेआतेतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

घरी ये. वाचून झालं की पाटीवरचं मेण सारखं कर आणि तिच्यावरच मला उत्तर लिही. तुझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, ते मला चालतं.


रेआते. जुलैच्या पहिल्या तारखेआधी दहावा दिवस

वेत्तियाकडून नुमेरियसला.

पाटी परत आली. दोरा जसाच्या तसा, माझा शिक्का जसाच्या तसा. पाक्कियस म्हणतो तू ती हातात घेतलीस, शिक्क्याकडे खूप वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "मेलेल्याला पत्र येत नसतं." शाबास. मेलेला इतकं टोचून बोलतो हे मला नवीनच.

ह्या वेळी मी दोरा बांधलेलाच नाही. पाटी उघडीच पाठवते. पाक्कियसला वाचता येत नाही आणि खेचरांना तर नाहीच. डोळे मिटून घेतल्याशिवाय तुझी सुटका नाही.

तू त्याला आणखीही काही सांगितलंस. "इतकी वर्षं मी वाट बघितली," म्हणालास, "की कुणीतरी मला सोडवून घ्यायला येईल. दुसऱ्यांचे भाऊ आले, बाप आले, चांदी मोजून घेऊन गेले. माझ्यासाठी कोणी आलं नाही. मग मीच पळालो, चालत चालत घरी आलो, तर माझा बाप मूठभर वालांत स्वतःला सोडवून घेत होता. माझ्यापासून."

पाक्कियसने हे सांगितलं आणि दुधाची वाटी खाली ठेवली. मला त्याला चीज द्यायचं होतं ते द्यायचं राहिलं, त्यानेही मागितलं नाही.

अरे, तुला सोडवायला कोण येणार होतं? आमच्या लेखी तू मातीखाली होतास. येताना वाटेत तू स्वतःचं थडगं बघितलंच असशील, मिठाच्या रस्त्यावर, दोन सरूंच्या मध्ये. तुझ्या नावात पाथरवटाने एक अक्षर खाल्लंय. मामंजी त्याच्याशी इतके भांडले की तो म्हणाला, "आजोबा, मेलेल्याला वाचता येत नाही." मामंजी म्हणाले, "माझ्या मुलाला येत होतं." तो दगड तसाच राहिला, आणि मामंजी दर फेरीला कोळशाने ते अक्षर घालतात, पाऊस ते पुसतो.

आता मामंजींचं ऐक. तू जिवंत आहेस हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते सलगम सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "तो आला होता, मी ऐकलं. मेलेला होता, मी घालवला. विधी झाला, वाल गेले. भुताने नेले."

"भुताने नाही नेले, मामंजी."

"मग कोणी नेले? दरवर्षी कोण नेतं?"

आता काय करणार. सासूबाईंची क्षमा मागितली मनातल्या मनात. "दरवर्षी मी नेते," म्हटलं. "माझ्याआधी सासूबाई न्यायच्या. तुम्ही उठायच्या आत झाडून कोंबड्यांना घालतो."

त्यांच्या हातातली सुरी थांबली. "माझ्या बायकोने? सगळी वर्षं?"

"सगळ्याच बायका करतात."

"त्रेबियाही?"

"त्रेबिया तर भाजून खाते."

ते उठून बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत गोठ्यात बसून राहिले, जेवायला आले नाहीत. मला वाटलं आता ह्या घरात माझं काही खरं नाही. दिवे लागल्यावर आत आले, माझ्यासमोर बसले. "यंदा तू झाडले नाहीस?"

"झाडायला नव्हतेच."

"एकही?"

"एकही नाही."

"काळोख होता," ते म्हणाले. "म्हणजे खाली बसून, हाताने चाचपत वेचले असतील त्याने. मी इकडे थाळी बडवत होतो आणि तो तिथे जमिनीवर चाचपत होता." मग ते रडले, नुमेरियस. तुझ्या थडग्यापाशीसुद्धा ते रडले नव्हते, ते त्या रात्री रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले, आणि ते रागावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पाक्कियसला सांग, त्याला घेऊन ये म्हणावं." आणि लगेच त्यांना घोर लागला. तुझे सगळे विधी झालेत. ज्याला आपण दारातून बाहेर काढलं, तो त्याच दारातून परत कसा घ्यायचा? मी म्हटलं, पायाने. ते माझ्याकडे असे बघायला लागले की शेवटी आम्ही अरुन्सकडे गेलो. बळीच्या जनावराचं काळीज बघून शकुन सांगणारा तोच तो, अजून तसाच आहे, फक्त दात गेलेत, त्यामुळे देवांचं म्हणणं नीट कळत नाही. दोनदा विचारून घेतलं. तो म्हणाला, "मेला म्हणून ज्याचे विधी झाले, तो दारातून आला तर मेलेलाच आत येतो. त्याला उंबरा नाही. त्याने छपरावर चढायचं, कौलं काढलेल्या जागेतून घरात उतरायचं. वरून येईल तो नव्याने आला. त्याच्यामागे मग काहीच लागत नाही."

परतताना घर दिसायला लागल्यावर मामंजी थांबले, छपराकडे बघितलं आणि म्हणाले, "चुलीच्या वरची बाजू बरी. खाली उतरला की उबेत येईल."


रेआते. जुलै, महिन्याच्या मध्याआधी नववा दिवस

वेत्तियाकडून नुमेरियसला.

पाटी आली. मेण पुसलेलं होतं. कोरी करून पाठवलीस.

आधी माझा जीव खाली बसला. मग मी पाटी उजेडात तिरकी धरली. मेण तू लेखणीच्या चपट्या बाजूने पुसलं नाहीस, अंगठ्याने पुसलंस. कोपऱ्यात पूर्ण ठसा उमटलाय, मिठाने चिरलेला, मधे भेग पडलेला. म्हणजे वाचलंस. सगळं वाचून, अंगठ्याने एकेक ओळ पुसत खाली आलास, आणि मग काय लिहावं ते तुला सुचलं नाही. मी तुला ओळखते. लग्नाच्या रात्रीसुद्धा तुला बोलायला अर्धी रात्र लागली, आणि मग म्हणालास काय, तर "गाढवीण आजारी आहे."

ती पाटी मी परत देणार नाही. हे दुसऱ्या पाटीवर लिहितेय. त्या पाटीवरचा तुझा अंगठा माझ्या अंगठ्यापेक्षा किती मोठा आहे हे मी विसरले होते. रोज निजताना त्याच्यावर माझा ठेवते आणि उन्हाळ्यात मेण मऊ पडतं म्हणून सकाळी लगेच गार फडताळात ठेवते.

त्रेबिया विचारत होती, "काय गं, छपराला भोक कशाला पाडताय?" मी सांगितलं. ती पोट धरून हसली. "लोकांचे नवरे दारातून येतात, हिचा पागोळ्यांबरोबर येणार." गावभर करून झालंय. आता पाणी भरायला जाते तर बायका वर बघतात आणि म्हणतात, "आज आभाळ स्वच्छ आहे गं वेत्तिया." बघू देत. एकीच्याही नवऱ्याची कोणी अशी वाट बघितली नसेल.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल, फौजेत ती कोणी सांगत नाही. वडिलांकडून ऐकलेली आहे. शत्रूच्या हातून सुटून आलेला माणूस आपल्या हद्दीत आला की त्याचं सगळं त्याला परत मिळतं. शेत, नाव, बापाचा मुलगा असणं, मत द्यायचा हक्क, सगळं, जणू तो गेलाच नव्हता. एकच गोष्ट आपोआप परत मिळत नाही, ती म्हणजे लग्न. पकडला गेला त्या दिवशी ते तुटतं. पुन्हा हवं असेल तर दोघांनी पुन्हा हो म्हणावं लागतं.

म्हणजे आत्ता ह्या घटकेला मी तुझी कुणी नाही. मला दोन मागण्या आल्या होत्या हेही सांगून टाकते, एक चांगल्या घरची होती. मामंजीच म्हणाले होते, "जा, मी तुला अडवणार नाही." मी गेले नाही. तेव्हा का गेले नाही ते मला सांगता आलं नसतं. तू गेलास म्हणून मी कुढत बसले होते असंही नाही, मी कामात होते, द्राक्षं होती, मेंढरं होती. पण संध्याकाळी जनावरं परत आली की मी एक नजर त्यांच्यामागे टाकायची, रस्त्यावर. दरवेळी टाकायची. ते कधी सुटलं नाही.

तर मी हो म्हणते. मे महिन्यात आलास तेव्हा म्हणता आलं नसतं, मेमधलं लग्न टिकत नाही. वेस्ता देवीच्या देवळातला वर्षाचा केर झाडून नदीत टाकला की मुहूर्त उघडतात, आता त्यालाही दिवस झाले, सगळे मोकळे आहेत. माझं हो तुझ्याकडे आहे. तुझं तू घेऊन ये.

कौलं काढायला मामंजींनी सुरुवात केली आहे. गडी लावू म्हटलं तर ऐकत नाहीत. "मी त्याला घालवला, मीच वाट करणार." दोन ओळी काढून झाल्या आहेत. सध्या काम थांबलंय, त्यांचा पाय जरा मुरगळलाय. काळजीचं काही नाही.


रेआते. ऑगस्टच्या पहिल्या तारखेआधी आठवा दिवस

वेत्तियाकडून नुमेरियसला.

ह्या खेपेला तू काहीच पाठवलं नाहीस. पाक्कियस म्हणतो पाटी तुझ्याकडे आहे, तू ती ठेवून घेतलीस. पुसली की नाही ते त्याला सांगता येईना. मिठागरावर आता रात्री एकटाच बसतोस म्हणे, पाटी मांडीवर घेऊन.

मी तुला खोटं लिहिलं. मामंजींचा पाय मुरगळलेला नाही. शिडीची पायरी तुटली आणि ते छपराच्या कडेवरून खाली आले. कंबरेचं हाड मोडलंय. अरुन्स आला, वैद्य आला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं तेव्हाच मला कळलं. तुटली ती तू जाताना दोरीने बांधलेली पायरी नव्हती, ती शाबूत होती, तिच्या वरची तुटली. हे मुद्दाम लिहितेय, कारण तू लगेच तेच मनात घेशील.

मला असा संताप आला की मी कुऱ्हाड घेतली आणि ती शिडी फोडून चुलीत घातली. सगळी. तुझी ती एक पायरी तेवढी नाही घातली, ती दोरीसकट माझ्या उशाशी आहे.

उरलेली कौलं त्रेबियाच्या नवऱ्याने काढली. पागोळ्यांचं बोलणारी त्रेबिया खाली उभी राहून एकेक कौल झेलत होती. चांगली माणूस मावेल एवढी जागा झाली आहे. मामंजींनी आपलं अंथरूण बरोबर त्याच्याखाली घालायला लावलं. मी म्हटलं ऊन लागेल. म्हणाले, "लागू दे." परवा वळवाचा पाऊस आला, डोंगरावरून येतो तसा, एकदम. मी घोंगडी घेऊन धावले. त्यांनी माझा हात बाजूला केला. "झाकू नकोस. तेवढ्यात आला तर त्याला बंद दिसेल." भिजले. आता ताप आहे.

तुझं ते बोलणं, सोडवून घेण्याचं, मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण पाक्कियसच्या पोटात काही राहत नाही. काल त्याने सांगून टाकलं. मामंजी खूप वेळ वर बघत पडले होते. मग मला म्हणाले, "लिही त्याला." मी पाटी घेतली. ते सांगत गेले तसं लिहितेय, माझं काही नाही त्यात.

"नुमेरियस, मी म्हणतो काय? मला आणि माझ्यांना सोडवून घेतो. माझे म्हणजे कोण? तुझी आई गेली. भाऊ तुला झाला नाही. वेत्तिया आहे, ती माझ्याहून खंबीर आहे, तिला कोण भूत धरणार? तू गेल्यापासून दर मे महिन्यात मी 'माझ्यांना' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर तू असतोस. थडगं बांधलं तरी तूच असायचास. मेलेल्याला सोडवता येत नाही हे मला कळतं, मी काही खुळा नाही. तरी म्हणायचो. ते वाल तुझ्यासाठीच होते, पोरा. तू उचललेस ते बरोबर केलंस. ते तुझेच होते."

मग म्हणाले, "आणि लिही की मी त्याला तीनदा हाक मारली होती. रिकाम्या दगडापुढे. माझी वेळ आली की मलाही तीनदा हाक मारतील, गावातलं कोणीतरी मारेल. मला दुसऱ्या कोणाचा आवाज नको."

एवढंच. त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतलं आणि मला परत वाचून दाखवायला लावलं.

आता माझं. मला रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं, त्याची शिक्षा म्हणून मी रोज रात्री उघड्या छपराखाली झोपते आणि पानाचा आवाज झाला तरी उठून बसते. मला तू हवा आहेस. जसा असशील तसा, मिठाने चिरलेला, न बोलणारा, फाटक्या कानाचा. मला आता टोमणे सुचत नाहीत.


रेआते. ऑगस्ट, महिन्याच्या मध्याआधी चौथा दिवस

वेत्तियाकडून नुमेरियसला.

पाक्कियस आज दुपारी आला. खेचरं रस्त्यातच सोडून, पाटी डोक्यावर धरून, ओरडत आला. मी दारातच ती उघडली. सगळं मेण कोरं आणि मधोमध, कोंबडीच्या पायांनी, एकच शब्द:

'शिडी?'

मी दारात बसून हसले, नुमेरियस. किती वर्षांनी हसले ते मला आठवत नाही. आतून मामंजींचा आवाज आला, अगदी बारीक झालाय आता, "काय लिहिलंय?"

"शिडी."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

ते म्हणाले, "माझाच मुलगा आहे."

पाक्कियस म्हणतो तू निघाला आहेस, त्याच्या मागे आहेस, पायी, खेचरावर बसायला तयार नाहीस. म्हणून हे त्याच्या हाती लगेच परत पाठवतेय, वाटेत जिथे भेटशील तिथे देईल. म्हणजे अंगणात येऊन चाचपडत बसायला नको.

शिडी त्रेबियाकडून आणली आहे. तिने स्वतः खांद्यावर टाकून आणली आणि गोठ्याच्या बाजूने छपराला टेकवून ठेवली आहे. मजबूत आहे, मी चढून बघितली. वरून चुलीचा उजेड दिसेल, त्याच्याकडे ये. भोकाच्या कडेची कौलं सैल आहेत, त्यांवर पाय देऊ नकोस, वाशावर दे. खाली गवत घातलंय. मामंजींचं अंथरूण मी हातभर बाजूला ओढलंय, ते त्यासाठी माझ्यावर रागावले आहेत, पण तू अंगावर पडलास तर काय घ्या. डोळे त्यांनी छपरावरून काढलेले नाहीत. वैद्य म्हणतो आज किंवा उद्या. मामंजी म्हणतात, त्याला काय कळतंय.

उतरलास की आधी त्यांना हाक मार. मोठ्याने मार, त्यांना कमी ऐकू येतं. मे महिन्यात मारली होतीस तीच. ह्या वेळी ते थाळी वाजवणार नाहीत, थाळी मी विहिरीत टाकली आहे, पोहऱ्याच्या सोबतीला.

मी चुलीपाशी असेन. आपलं हो-नाही त्यानंतर बघू.

आणि एक. दाराला मी आतून अडसर घातलाय, वर पाटा टेकवून ठेवलाय. सवयीने तू दाराशी जाशील, मला माहीत आहे. जाऊ नकोस. दार वाजवू नकोस. मी उघडणार नाही.